गाडी अमेरिकेत लावायची, विमान मेक्सिकोतून पकडायचं: शेजारच्या देशातून उडण्याचा हा हिशेब आहे तरी काय?

अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहराच्या दक्षिण टोकाला ओटाय मेसा नावाचा भाग आहे. गोदामं, ट्रक, मोकळी मैदानं. त्यातच एक इमारत लागते. बाहेर भलंमोठं पार्किंग, आत चेक-इनचे काउंटर, बॅगा ओढत चाललेली कुटुंबं, कंटाळलेली पोरं, सगळ्यांचे पासपोर्ट एकट्याच्या हातात घट्ट धरून उभे असलेले आजोबा. विमानतळावर जे जे दिसतं ते सगळं इथं आहे. नाहीये ते फक्त विमान. धावपट्टीसुद्धा नाही.

कारण धावपट्टी मेक्सिकोत आहे.

या इमारतीतून एक बंदिस्त पूल निघतो. लांबी साधारण १२० मीटर. पुलाखालून अमेरिका आणि मेक्सिकोची सीमा जाते. ज्या सीमेवरच्या भिंतीवरून अमेरिकेच्या निवडणुका लढवल्या जातात, तीच ही सीमा. प्रवासी ट्रॉली ढकलत पूल ओलांडतात आणि थेट मेक्सिकोतल्या तिहुआना विमानतळाच्या टर्मिनलमध्ये पोहोचतात. पाचेक मिनिटांचं चालणं, आणि देश बदललेला असतो.

या पुलाचं नाव क्रॉस बॉर्डर एक्सप्रेस, म्हणजे सीबीएक्स. ९ डिसेंबर २०१५ ला तो सुरू झाला. अलीकडच्या वर्षांत दरवर्षी ४० लाखांच्या आसपास लोक त्याच्यावरून ये-जा करतात. आता प्रश्न असा की, अमेरिकेसारख्या देशात, जिथं गल्लोगल्ली विमानतळ आहेत असं आपल्याला वाटतं, तिथले लोक विमान पकडायला मेक्सिकोत का जात असतील?

तिकीट स्वस्त, कारण ते 'देशांतर्गत' आहे

समजा, लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाला ग्वादालाहाराला जायचंय. ग्वादालाहारा हे मेक्सिकोतलं मोठं शहर. आजी-आजोबा तिकडे, मुलगा-सून-नातवंडं इकडे. दक्षिण कॅलिफोर्नियात अशी लाखो मेक्सिकन वंशाची घरं आहेत. लॉस एंजेलिसहून ग्वादालाहारा ही आंतरराष्ट्रीय फ्लाइट झाली. म्हणजे तिकिटात अमेरिकेचा आंतरराष्ट्रीय प्रवास कर आला, इमिग्रेशन आणि कस्टम्सच्या तपासणीची फी आली, मेक्सिकोचे आंतरराष्ट्रीय प्रवाशांवरचे कर आले. एकट्या अमेरिकेचा जाण्याचा कर माणशी वीस डॉलरच्या वर आहे आणि येताना तो पुन्हा लागतो. पाच जणांच्या कुटुंबाला फक्त करांपोटीच किती जातात, हे बोटावर मोजून बघा.

तेच कुटुंब दोन-अडीच तास गाडी चालवून पुलापर्यंत आलं आणि तिहुआनाहून निघालं, तर तिहुआना ते ग्वादालाहारा हा मेक्सिकोच्या हिशेबानं पुण्याहून नागपूरला जाण्यासारखा प्रवास झाला. देशातल्या देशात. वरचे बरेचसे कर गळाले.

दुसरं कारण विमान कंपन्यांचं. तिहुआना हा व्होलारिससारख्या स्वस्तातल्या मेक्सिकन कंपन्यांचा मोठा अड्डा आहे. तिथून मेक्सिकोतल्या तीसहून जास्त शहरांना थेट विमानं जातात. सॅन डिएगोहून मेक्सिकोत थेट जाणारी ठिकाणं त्या मानानं अगदी मोजकी. मोरेलिया, ओआहाका, कुलियाकान अशा शहरांना जायचं तर सॅन डिएगोहून कुठंतरी विमान बदलावं लागतं. म्हणजे प्रश्न पैशांइतकाच वेळेचाही आहे.

आणि तिसरं कारण सॅन डिएगोचं स्वतःचं दुखणं.

एक धावपट्टी आणि पाऊणशे वर्षांची चर्चा

सॅन डिएगोचा विमानतळ शहराच्या अगदी मध्यात आहे. जागा साधारण ६६० एकर, आणि धावपट्टी एकच, ९,४०१ फुटांची. एका धावपट्टीवर चालणारा अमेरिकेतला सर्वांत गजबजलेला विमानतळ म्हणून त्याची ओळख आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकड्या आणि उंच इमारती, चारी बाजूंनी वस्ती. लोकांची झोपमोड होऊ नये म्हणून रात्री साडेअकरा ते पहाटे साडेसहा या वेळेत तिथून प्रवासी विमानं उडत नाहीत. वस्तीत अडकलेला विमानतळ म्हणजे काय, हे मुंबईकरांना वेगळं समजावून सांगायला नको.

नवीन विमानतळ बांधायचा, पण कुठं, यावर सॅन डिएगोत दशकानुदशकं काथ्याकूट झाला. २००६ मध्ये मिरामारच्या लष्करी तळाची जागा मागण्याचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे ठेवला गेला आणि मतदारांनी तो फेटाळला. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, याहून भन्नाट कल्पना चर्चेत होती. तिहुआनाची धावपट्टी सीमेला चिकटूनच आहे, मग पलीकडे अमेरिकेतही एक धावपट्टी बांधा आणि दोन्ही देशांचा मिळून एकच विमानतळ करा. कल्पना कागदावर छान होती. पण दोन देशांचे हवाई वाहतूक कायदे, सुरक्षेचे नियम, ओटाय मेसातल्या रहिवाशांचा आवाजाला विरोध, या सगळ्यात ती बुडाली.

मग उरला तो साधा उपाय. विमानतळ सामाईक करता येत नसेल तर निदान दार तरी काढा.

कारण तिहुआना विमानतळाची जागाच तशी आहे. टर्मिनल धावपट्टी आणि सीमा यांच्या मधोमध आहे. टर्मिनलच्या बाहेर उभं राहिलं की समोर अमेरिका दिसते. पण पूल होण्याआधी तिथं उतरलेल्या प्रवाशाला समोर दिसणाऱ्या अमेरिकेत जायला आधी टॅक्सी करून शहरातून ओटाय मेसा किंवा सॅन इसिद्रोच्या नाक्यावर जावं लागायचं. सॅन इसिद्रो हा जगातल्या सर्वांत वर्दळीच्या जमिनीवरच्या सीमानाक्यांपैकी एक. तिथं रांगेत दोन-तीन तास जाणं ही नेहमीची गोष्ट होती. विमानानं दोन हजार किलोमीटर जेवढ्या वेळात कापले, तेवढाच वेळ शेवटच्या काही मीटरसाठी द्यायचा. जाताना तर त्याहून वाईट. रस्त्यात किती वेळ जाईल याचा अंदाज नाही, म्हणून लोक चार-चार तास आधी घरून निघायचे आणि तरी विमान चुकायचं.

पूल सरकारनं बांधला नाही

अमेरिकेची सीमा ओलांडणारं काहीही बांधायचं तर राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारातली खास परवानगी लागते. सीबीएक्सला ती २०१० मध्ये मिळाली. पण पैसा सरकारचा नव्हता. अमेरिकन आणि मेक्सिकन गुंतवणूकदारांनी मिळून सुमारे १२ कोटी डॉलर घातले. आराखडा मेक्सिकोचे नामवंत वास्तुविशारद रिकार्डो लेगोरेता यांचा. भिंतींचे ठळक जांभळे रंग ही त्यांची खासियत इथंही दिसते. पूल मात्र त्यांना बघायला मिळाला नाही, २०११ मध्येच ते गेले.

यातली खरी गंमत पुढे आहे. पुलाच्या अमेरिकन बाजूला बसून पासपोर्ट तपासणारे अधिकारी हे अमेरिकन सरकारचेच, पण त्यांचा खर्च ही खासगी कंपनी भरून देते. म्हणजे सीमेवरची तपासणी सरकारी, तिचं बिल खासगी, आणि ते शेवटी प्रवाशाच्या खिशातून. सुरुवातीला एकेरी तिकीट १८ डॉलरचं होतं, नंतर ते वाढलं. टोलनाका म्हणा हवं तर. फरक इतकाच की इथं गाडीऐवजी माणूस टोल भरतो आणि नाका दोन देशांच्या मध्ये आहे.

नियम कडक आहेत. पुलावर पाय ठेवायचा तर विमानाचं तिकीट हवंच. जाताना उड्डाणाच्या आधीच्या २४ तासांतच पूल वापरता येतो, येताना विमान उतरल्यापासून काही तासांतच. नुसतं तिहुआनात जेवायला जायचंय किंवा नातेवाइकाला सोडायला पलीकडे यायचंय, तर नाही. त्यांच्यासाठी जुना नाका आणि जुनी रांग.

मग हा पूल कुणासाठी नाही?

कॅलिफोर्नियात कागदपत्रांशिवाय राहणारे मेक्सिकन लोक मोठ्या संख्येनं आहेत. हॉटेलांच्या भटारखान्यात, शेतात, बांधकामांवर. यातल्या अनेकांचे आई-वडील मेक्सिकोतल्या गावी आहेत. त्यांच्यासाठी पुलाची जायची बाजू सोपी आहे, मेक्सिकोचा नागरिक मेक्सिकोत कधीही जाऊ शकतो. पण परत यायची बाजू बंद. आईच्या आजारपणाचा फोन आला, तर पुलाच्या तिकिटावर तासाभरात विमानात बसता येईल, पण त्यानंतर अमेरिकेतल्या बायकामुलांकडे परतायचा कायदेशीर रस्ता नाही.

अनेक घरांत हे असं होतं की मुलं अमेरिकेत जन्मली म्हणून अमेरिकन नागरिक, त्यामुळे ती आजीला भेटायला पुलावरून जातात. आई-वडील त्यांना पार्किंगमध्ये सोडून, काचेच्या दारातून हात हलवून परत फिरतात. पूल कितीही सोयीचा असला तरी त्यानं सीमा पुसलेली नाही. ज्याच्याकडे कागद आहेत त्याच्यासाठी रांग फक्त छोटी झाली.

कागदांची ही भानगड तिथल्या भारतीयांनाही लागू होते. सॅन डिएगो हे क्वालकॉमचं मुख्यालय असलेलं शहर. तिथल्या भारतीय इंजिनिअरांमध्ये मराठी मंडळीही आहेत, आणि कान्कूनला सुट्टीसाठी जायचं तर हा पूल त्यांनाही खुणावतो. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. इथंपर्यंत ठीक.

गोची होते ती व्हिसाचा शिक्का संपलेल्यांची. एच-१बीवर असलेल्या अनेकांचं अमेरिकेत राहणं कायदेशीर असतं, मुदतवाढ मिळालेली असते, पण पासपोर्टवरचा व्हिसा मात्र संपलेला असतो. अशांसाठी अमेरिकेचा एक नियम आहे. मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवसांपेक्षा कमी काळ जाऊन आलात आणि आय-९४ नोंद वैध असेल, तर संपलेल्या व्हिसावरही परत प्रवेश मिळू शकतो. तिकडे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज मात्र करायचा नाही. हे वाचून कुणी निर्धास्त होऊन पुलावर गेला, तर तो मेक्सिकोच्या काउंटरवर अडकतो. कारण मेक्सिकोला वैध अमेरिकन व्हिसा दाखवावा लागतो आणि याचा तर संपलाय. म्हणजे अमेरिका परत घ्यायला तयार, पण मेक्सिको आत घ्यायला तयार नाही. शिवाय ही सवलत शेजारच्या देशापुरतीच आहे. तिहुआनाहून पुढे कोलंबियाला जाऊन आलात तर ती चालत नाही.

कॅनडावाल्यांचं गणित आणि ते बिघडलं कसं

आता अमेरिकेच्या दुसऱ्या सीमेवर जाऊ. तिथं चित्र उलटं आहे. तिथं परदेशातले लोक अमेरिकेत येऊन विमान पकडतात.

टोरांटोहून फ्लोरिडाला जायचंय. ही आंतरराष्ट्रीय फ्लाइट. पण गाडीनं सीमा ओलांडून अमेरिकेतल्या बफेलोला गेलं की तीच फ्लाइट देशांतर्गत होते. तिहुआनाचीच युक्ती, फक्त दिशा वेगळी. त्यात कॅनडाच्या मोठ्या विमानतळांची जमीन केंद्र सरकारची, तिचं भाडं विमानतळं भरतात आणि ते फिरून प्रवाशाच्या तिकिटावर येतं. शिवाय विमानतळ सुधारणा शुल्क आणि सुरक्षा शुल्क वेगळं. त्यामुळे बफेलोच्या पार्किंगमध्ये ऑन्टारियोच्या नंबर प्लेटा, व्हॅन्कुव्हरवाल्यांसाठी बेलिंगहॅम, माँट्रियलवाल्यांसाठी प्लॅट्सबर्ग. प्लॅट्सबर्गच्या विमानतळानं तर स्वतःची जाहिरातच 'माँट्रियलचा अमेरिकन विमानतळ' अशी केली.

२०१२ च्या सुमारास वर्षाला जवळपास ५० लाख कॅनेडियन असे सीमा ओलांडून विमान पकडत होते. कॅनडाच्या सिनेटच्या समितीनं त्यावर अहवालच काढला. त्याच्या नावातच प्रश्न होता की हवाई वाहतूक हा देशाचा टोलनाका आहे की अर्थव्यवस्थेला ठिणगी देणारा स्पार्क प्लग.

पण हे गणित एका गोष्टीवर उभं होतं. तेव्हा कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या जवळपास बरोबरीत होता. २०१४ नंतर तो घसरला आणि बचत आटली. पुढे मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे जमिनीवरची सीमा बिगर-अत्यावश्यक प्रवासासाठी बंद झाली, ती अमेरिकेनं कॅनेडियन लोकांसाठी थेट ८ नोव्हेंबर २०२१ ला उघडली. या काळातली विचित्र गोष्ट म्हणजे कॅनेडियन माणूस विमानानं अमेरिकेत जाऊ शकत होता, गाडीनं नाही. बफेलोचा पर्याय ज्या रस्त्यावर उभा होता, नेमका तोच बंद. आणि २०२५ मध्ये आयात शुल्क आणि 'कॅनडा हे ५१ वं राज्य' या वक्तव्यांवरून कॅनडात असा राग उसळला की गाडीनं अमेरिकेत जाणाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. त्याचा फटका प्लॅट्सबर्गसारख्या गावांना बसला. कारण धावपट्टी त्यांची, पण प्रवासी दुसऱ्या देशाचे.

हे सगळं स्थिर ठेवायचं तर करार लागतो. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सनं तो १९४९ मध्येच केला. बासेल शहराचा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे. बासेलहून तिथं जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला, जणू स्वित्झर्लंडची एक लांब बोळ. टर्मिनलमध्ये एक बाजू स्विस, एक फ्रेंच. भाड्याची गाडी कुठल्या बाजूनं घेता त्यावर तिचा दर बदलतो. एवढं सोडलं तर रोजच्या प्रवाशाला सीमा जाणवतही नाही.

काठमांडूचा रस्ता

भारतीयांसाठी अशी जागा म्हणजे नेपाळ. १९५० च्या करारामुळे सीमा खुली. ना व्हिसा, ना पासपोर्टची सक्ती. सोनौली किंवा रक्सौलला चालत पलीकडे जायचं, बस पकडायची आणि काठमांडू.

पण नेपाळमध्ये जाणं सोपं असलं तरी तिथून तिसऱ्या देशात उडणं सोपं नाही. त्यासाठी काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचं ना हरकत प्रमाणपत्र मागितलं जातं. यामागचं कारण आखातात जाणाऱ्या मजुरांशी जोडलेलं आहे. दहावी न झालेल्या कामगाराला सौदी, यूएईसारख्या ठरावीक १८ देशांत कामाला जायचं तर १९८३ च्या कायद्यानुसार सरकारी मंजुरी लागते, म्हणजे मालक कोण, करार काय हे तपासलं जातं. एजंट मंडळींनी यातून पळवाट काढली. भारतातल्या विमानतळावर अडवतात ना, मग नेपाळमधून पाठवा. यात फसवणूक होते आणि महिलांची तस्करीही. म्हणून हा कागद.

२०२१ मध्ये मात्र हाच रस्ता धरायची वेळ सरळमार्गी लोकांवर आली. ३ फेब्रुवारीपासून सौदी अरेबियानं भारतासह २० देशांतून थेट येणाऱ्यांना बंदी घातली. गेले १४ दिवस यादीतल्या देशात नसाल तरच प्रवेश. नेपाळ यादीत नव्हता. सुट्टीवर घरी आलेले आणि नोकरी टिकवायची असलेले हजारो भारतीय काठमांडूला गेले. एजंटांनी पॅकेजं काढली, १४ दिवसांचं हॉटेल, कोरोना चाचणी आणि पुढचं तिकीट. विमानानं पासपोर्ट घेऊन जाणाऱ्यांना एप्रिलमध्ये ना हरकत प्रमाणपत्रातून तात्पुरती सूटही मिळाली.

आणि त्याच महिन्यात भारतात दुसरी लाट आली. नेपाळनं जाहीर केलं की २८ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून परदेशी नागरिकांना तिसऱ्या देशात जाण्यासाठी काठमांडूचा विमानतळ वापरता येणार नाही. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय विमानं जवळपास पूर्णच थांबली. कुणाचे १४ पैकी १० दिवस झाले होते, कुणाचे १३. कर्ज काढून पॅकेजचे पैसे भरलेले, सौदीतल्या परवान्याची मुदत संपत आलेली, आणि खोलीचं भाडं रोज चढतंय. पुढे विमान नाही आणि मागे परतायचं तर लॉकडाऊन लागलेली सीमा.

एकमेकांशी न जोडलेली दोन तिकिटं काढून सीमा ओलांडणाऱ्या कुणाच्याही बाबतीत हाच धोका असतो, तो प्रवासी कॅलिफोर्नियातला असो की कॅनडातला. नाक्यावर उशीर झाला तर विमान कंपनीची जबाबदारी नसते. दुसऱ्या देशानं रात्रीत नियम बदलला तर आपल्या देशाचा ग्राहक कायदाही फारसा कामाला येत नाही. म्हणून असा प्रवास ठरवताना तिकिटाच्या किमतीत नाक्यावरचा वेळ, पार्किंग आणि दोन्ही देशांचे कागद धरावे लागतात, आणि आणखी एक गोष्ट बघावी लागते. अडकलो तर त्या देशात किती दिवस राहायला परवानगी आहे?

तसा हा रस्ता एकेरी नाही. कामासाठी परदेशी निघालेले नेपाळी तरुणही दिल्लीहून विमान पकडायला येतात. त्यांनाही तिसऱ्या देशात जायचं तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते मिळतं दिल्लीतल्या नेपाळच्या दूतावासात.